कानचा 'लॉय दॉर' : माहितीपट निवडताना या पुरस्कारावर किती विसंबावे?

कथापट निवडताना प्रेक्षकाच्या हाताशी पुष्कळ खुणा असतात. कलाकारांची नावे, झलक, गाणी, पहिल्या आठवड्याची कमाई आणि ओळखीच्या माणसांची मते यांवरून तिकीट काढायचे की नाही हे ठरवता येते. माहितीपटाच्या बाबतीत यातले जवळपास काहीच उपलब्ध नसते. दिग्दर्शकाचे नाव बहुधा अपरिचित असते आणि विषय एका ओळीत सांगितला तर तो बातमीसारखा वाटतो. चित्रपट म्हणून त्यात काय आहे, हे त्या एका ओळीतून कळत नाही. अशा वेळी मोठ्या महोत्सवाचा पुरस्कार ही एकच विश्वासार्ह खूण उरते. म्हणूनच एखाद्या सेवेकडे आपण ज्या काटेकोर नजरेने पाहतो, त्याच नजरेने पुरस्काराकडेही पाहायला हवे. तो ज्या चित्रपटांवर आपली मोहोर उमटवतो ते खरोखर पाहण्याजोगे निघतात का, आणि काही वर्षांनी मागे वळून पाहता त्याची निवड टिकलेली दिसते का, हे प्रश्न त्याला विचारले पाहिजेत. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या 'लॉय दॉर', म्हणजे 'सोनेरी डोळा', या माहितीपट पुरस्काराचे असे परीक्षण मी येथे करत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. प्रेक्षकासाठी हा उत्तम मार्गदर्शक आहे. मात्र त्याच्या काही सवयी मला खटकतात आणि त्यांतली एक बरीच गंभीर आहे.

या पुरस्काराची गरज का भासली, हे कानचा इतिहास पाहिल्यावर लक्षात येते. या महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान असलेला 'पाम दॉर' माहितीपटाला मिळाल्याची दोनच उदाहरणे आहेत. पहिले १९५६ चे. त्या वर्षी जॅक कुस्तो आणि लुई माल यांचा समुद्राच्या पोटातील जगावरचा 'द सायलेंट वर्ल्ड' विजेता ठरला. दुसरे २००४ चे, मायकल मूर यांच्या 'फॅरेनहाइट ९/११' चे. या दोहोंमध्ये ४८ वर्षांचे अंतर आहे आणि २००४ नंतर तिसरे उदाहरण घडलेले नाही. मुख्य स्पर्धेत माहितीपटाला जागाच क्वचित मिळते, मग पारितोषिकाची गोष्ट दूरच राहिली. महोत्सवात माहितीपट दाखवले जात नव्हते असे मात्र नाही. ते विशेष खेळांमध्ये, स्पर्धेबाहेर, जुन्या चित्रपटांच्या 'कान क्लासिक्स' विभागात, 'डिरेक्टर्स फोर्टनाइट' मध्ये आणि 'क्रिटिक्स वीक' मध्ये विखुरलेले असत. ते पाहिले जात आणि त्यांच्यावर लिहिलेही जाई. परंतु त्या सर्वांना शेजारी ठेवून 'यंदाचा उत्तम माहितीपट कोणता' हे ठरवण्याचे काम कोणाकडेही सोपवलेले नव्हते.

ते काम 'स्काम' या फ्रेंच संस्थेने हाती घेतले. माहितीपट, रेडिओ, पत्रकारिता अशा क्षेत्रांतील लेखक-दिग्दर्शकांच्या मानधनाचे आणि हक्कांचे व्यवहार ही संस्था पाहते. तिच्या तत्कालीन अध्यक्ष, स्वतः दिग्दर्शक असलेल्या ज्युली बेर्तुचेली यांनी पुढाकार घेतला आणि महोत्सवाच्या सहकार्याने २०१५ मध्ये पुरस्कार सुरू झाला. एखादी घड्याळाची कंपनी किंवा वाहिनी जाहिरातीसाठी पैसे मोजते आणि तिचे नाव पुरस्काराला चिकटते, असा प्रकार येथे नाही. ज्यांचे पोट या कलेवर चालते त्यांनीच आपल्या कलेसाठी मागून घेतलेली ही जागा आहे, आणि निवडीत व्यापाराचा वास येत नाही याचे श्रेय मी बऱ्याच अंशी या उगमाला देतो.

पुरस्काराची सर्वांत उपयुक्त बाब त्याच्या नियमात आहे. तो एका विभागापुरता मर्यादित नाही. मुख्य स्पर्धेतला माहितीपट, आडवाटेच्या विभागात दुपारी लागलेला नवख्या दिग्दर्शकाचा माहितीपट आणि क्लासिक्समध्ये दाखवलेला चित्रपटांविषयीचा चित्रपट हे सगळे एकाच परीक्षक मंडळासमोर येतात. कानमध्ये विभागांची उतरंड फार पक्की आहे. कोणत्या विभागात निवड झाली यावरून चित्रपटाची पत ठरते, पत्रकारांची गर्दी ठरते आणि वितरकांचे फोनही ठरतात. 'लॉय दॉर' ही उतरंड बाजूला ठेवतो. २०१६ चा विजेता 'सिनेमा नोवो' क्लासिक्समधला होता. २०१८ चा 'समूनी रोड' आणि २०२१ चा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' हे दोन्ही 'डिरेक्टर्स फोर्टनाइट' मधले होते. २०२२ चा 'ऑल दॅट ब्रीद्स' विशेष खेळांमधून आला आणि २०२५ चा 'इमागो' 'क्रिटिक्स वीक' मधून. मुख्य स्पर्धेतला 'फोर डॉटर्स' २०२३ मध्ये निवडला गेला तेव्हाही त्याला हा सन्मान 'अं सर्तां रगार' विभागातील एका चित्रपटासोबत वाटून घ्यावा लागला. विभागाच्या मानमरातबाला परीक्षक भुलत नाहीत याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांची नावे पाहिली की हे सहज घडलेले नाही हे कळते. पहिल्या वर्षी अध्यक्षपदी कंबोडियाचे रिती पान्ह होते. ख्मेर रूज राजवटीची चित्रे उरलेली नसताना मातीच्या बाहुल्यांतून ती स्मृती उभी करणारा हा दिग्दर्शक आहे. दुसऱ्या वर्षी जियानफ्रांको रोसी आले. लाम्पेदुझा बेटावरच्या माहितीपटासाठी त्यांनी काही महिन्यांपूर्वीच बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, जिंकले होते. पुढे २०२१ मध्ये एझ्रा एडलमन, २०२३ मध्ये कर्स्टन जॉन्सन आणि २०२४ मध्ये निकोला फिलिबेर हे माहितीपटाच्या क्षेत्रात मुरलेले लोक अध्यक्ष झाले. मधूनमधून अभिनेत्री किंवा कथापटांचे दिग्दर्शकही या जागी बसतात आणि त्यात काही वावगे नाही. पण संकलनाच्या टेबलावर शेकडो तासांचे चित्रीकरण चाळताना काय गाळावे लागते आणि काय गाळताना हात थरथरतो, हे ज्यांना ठाऊक आहे अशा माणसांच्या हाती निवड असणे ही या पुरस्काराची खरी ताकद आहे.

भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वर्षे २०२१ आणि २०२२ ही आहेत. पायल कपाडिया यांना पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचे नाव चित्रपटवर्तुळाबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते आणि 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होता. त्याच वर्षी कानमध्ये आंद्रेआ अर्नल्ड, टॉड हेन्स आणि ऑलिव्हर स्टोन यांचे माहितीपट होते. सर्गेई लोझनित्सा यांचा 'बाबी यार. कॉन्टेक्स्ट' होता, त्याला विशेष सन्मान देण्यात आला. इतक्या ज्येष्ठ आणि नामांकित मंडळींना मागे ठेवून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या एका माजी विद्यार्थिनीचा चित्रपट निवडण्यासाठी परीक्षकांना स्वतःच्या नजरेवर विश्वास असावा लागतो.

निवड योग्य का होती, हे चित्रपटाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच कळते. काळोख्या जागेत विद्यार्थी बेभान नाचत असतात, परंतु ज्या गाण्यावर ते नाचत आहेत ते आपल्याला ऐकू येत नाही. त्याऐवजी एक तरुणी हळू आवाजात पत्र वाचत असते. 'एल' एवढीच ओळख असलेल्या विद्यार्थिनीने आपल्या प्रियकराला लिहिलेली ही पत्रे वसतिगृहात सापडल्याचे आपल्याला सांगितले जाते. मुलीची जात वेगळी असल्यामुळे प्रियकराच्या घरच्यांनी त्याला अडवून ठेवले आहे. ही पत्रे कल्पित आहेत. पण पत्रांच्या आजूबाजूला जे दिसते ते घडलेले आहे. २०१५ चा इन्स्टिट्यूटमधील दीर्घ संप, रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरचे मोर्चे, ग्रंथालयात शिरलेल्या पोलिसांचे सीसीटीव्ही चित्रण हे सगळे त्या खाजगी दुःखाच्या शेजारी येऊन उभे राहते. दाणेदार कृष्णधवल चित्रांमुळे परवाची घटनाही जुन्या पेटीत सापडलेल्या फितीसारखी वाटते. कल्पिताचा आधार घेतल्यामुळे याला माहितीपट म्हणावे का, अशी शंका एखादे सोवळे परीक्षक मंडळ काढू शकले असते. येथे ती आड आली नाही. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' हा कथापट कानच्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला. तीस वर्षांत भारतीय चित्रपटाला तेथे जागा मिळाली नव्हती. त्या चित्रपटाने 'ग्रां प्री' हा 'पाम दॉर' खालोखालचा सन्मान जिंकला आणि पुढच्या वर्षी कपाडिया स्वतः मुख्य परीक्षक मंडळावर बसल्या. इतक्या प्रतिभेची चाहूल एवढ्या आधी लागणे हे पुरस्कारासाठी मोठेच प्रशस्तिपत्र आहे.

शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' ची गोष्ट जरा वेगळी. हा चित्रपट कानला पोचण्यापूर्वीच, जानेवारी २०२२ मध्ये, सनडान्स महोत्सवात जागतिक माहितीपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून आला होता, त्यामुळे येथे शोधाचे श्रेय पुरस्काराला देता येणार नाही. तरीही निवड अचूक होती. दिल्लीच्या वझिराबाद भागात नदीम आणि सऊद हे भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. मांजाने पंख कापलेल्या, प्रदूषित हवेत भोवळ येऊन कोसळलेल्या घारी खोक्यांतून त्यांच्या तळघरात येतात आणि त्याच तळघरात त्यांचा साबणाच्या उपकरणांचा छोटासा व्यवसायही चालतो. एखाद्या वाहिनीवर ही हकिकत सात मिनिटांच्या हृदयस्पर्शी बातमीत संपली असती. सेन तसे करत नाहीत. चित्रपटाची सुरुवात घारींनी होतच नाही. रात्री एका मोकळ्या जागेवर कॅमेरा जमिनीलगत, अगदी सावकाश सरकत जातो आणि चौकटीत उंदरांची इतकी गर्दी होत जाते की हे शहर नक्की कोणाचे, हा प्रश्न कोणीही न विचारता मनात येतो. पुढे जखमी पक्ष्यासाठी थंडीत यमुनेच्या पाण्यात उतरलेले भाऊ दमतात आणि परत येता येईल की नाही अशी धाकधूक वाटते. हा प्रसंग कोणत्याही थरारपटाच्या तोडीचा आहे. शहरातला धार्मिक तणाव दूरवरच्या घोषणांतून आणि घरातल्या बोलण्यातून जाणवत राहतो, त्यावर वेगळे भाष्य केले जात नाही. माणसांविषयी, पक्ष्यांविषयी आणि राजकारणाविषयी एकाच वेळी बोलणारा आणि तरीही कोठेही आवाज न चढवणारा हा चित्रपट आहे.

मराठी वाचकाला आवर्जून सांगावी अशी आणखी एक नोंद २०१६ ची आहे. त्या वर्षी शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या चित्रपटाला परीक्षकांनी विशेष उल्लेखाचा मान दिला. विषय आपला आहे : महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणारे तंबू टॉकीज. गंजलेल्या मालमोटारीतून प्रक्षेपक आणि रिळांचे डबे गावोगाव नेणारी माणसे, तंबूबाहेर ध्वनिक्षेपकावरून होणारा पुकारा, आणि रिळे जाऊन डिजिटल यंत्र आल्यावर या माणसांच्या हातांचे काय होते, हे दिग्दर्शकांनी अनेक वर्षे त्यांच्यासोबत राहून टिपले. प्रक्षेपक दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीर त्यात आहे. स्वतःच्या कल्पनेने घडवलेले यंत्र तो ज्या अभिमानाने उलगडून दाखवतो, तो प्रसंग मला कोणत्याही चित्रपट-इतिहासाच्या ग्रंथापेक्षा मोलाचा वाटतो. जत्रेतल्या तंबूची दखल कानच्या परीक्षकांनी घेतली, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली गेलेली नाही असे मला वाटते.

इतर विजेत्यांपैकी ज्यांच्यासाठी मी या पुरस्काराचा ऋणी आहे ते तीन-चार आहेत. 'समूनी रोड' मध्ये स्तेफानो सावोना गाझातील एका शेतकरी कुटुंबाकडे जातात. जानेवारी २००९ मधील इस्रायली लष्करी कारवाईत या कुटुंबातील २९ माणसे मारली गेली होती. हल्ल्यापूर्वीच्या आयुष्याचे चित्रण उपलब्ध नसल्याने तो भाग सिमोने मास्सी यांनी काळ्या पृष्ठभागावर खरवडून काढलेल्या रेखाचित्रांच्या ॲनिमेशनने उभा केला आहे. २०१९ च्या 'फॉर समा' मध्ये वाद अल-कतीब वेढा पडलेल्या सीरियातील अलेप्पो शहरामधील स्वतःचे दिवस आपल्या तान्ह्या मुलीसाठी नोंदवत जातात. त्यातला एक प्रसंग विसरणे अशक्य आहे. जखमी गरोदर स्त्रीच्या पोटातून शस्त्रक्रियेने बाहेर काढलेले बाळ निपचित पडलेले असते. डॉक्टर त्याची पाठ चोळतात, त्याला उलटे धरून थोपटतात, आणि आपण आशा सोडून दिल्यावर ते डोळे उघडते. कॅमेरा हा सगळा वेळ बाजूला होत नाही. वाद आणि एडवर्ड वॉट्स यांच्या या चित्रपटात दुःख भरपूर आहे, पण ते विकायला मांडलेले नाही. 'द मदर ऑफ ऑल लाइज' मध्ये मोरोक्कोच्या अस्मा अल मुदीर कॅसाब्लांकातील आपल्या मोहल्ल्याची छोटी प्रतिकृती वडिलांकडून बांधून घेतात आणि घरात छायाचित्रे ठेवू न देणाऱ्या आजीला त्या प्रतिकृतीसमोर बसवतात. १९८१ मध्ये पावाच्या भाववाढीवरून उसळलेल्या दंगलीत काय झाले, हे सांगायला चित्रे उरलेली नाहीत, म्हणून मातीच्या बाहुल्या बोलतात. रिती पान्ह यांची आठवण येथे हमखास होते.

ज्येष्ठ फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा आणि छायाचित्रकार जेआर यांचा २०१७ चा 'फेसेस प्लेसेस' या यादीत सर्वांत प्रसन्न. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उलटून पडलेल्या जर्मन बंकरवर ते वार्दांच्या एका दिवंगत मित्राचे जुने छायाचित्र भलेमोठे करून चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीने ते धुऊन नेलेले असते. त्यावर वार्दा फार हळहळत नाहीत. माहितीपट म्हणजे कपाळाला आठी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी प्रथम हाच पाहावा.

पुरस्काराचा अंदाज बाहेरच्या कसोटीवरही उतरला आहे. २०२५ पर्यंतच्या तेरा विजेत्यांपैकी 'फेसेस प्लेसेस', 'फॉर समा', 'ऑल दॅट ब्रीद्स' आणि 'फोर डॉटर्स' या चौघांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यांपैकी एकालाही ऑस्कर मिळाला नाही, याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण ऑस्करची आवड निराळी आहे.

आता तक्रारींकडे वळतो. पहिली तक्रार पुरस्कार विभागून देण्याच्या सवयीविषयी आहे. २०१९, २०२३ आणि २०२४ या तीन वर्षी दोन-दोन चित्रपटांना तो देण्यात आला. २०२३ मध्ये त्यामागचा विचार मला पटतो. कौथर बेन हनिया यांचा 'फोर डॉटर्स' ट्युनिशियातील एका आईची हकिकत सांगतो. तिच्या दोन मुली घर सोडून दहशतवादी संघटनेत गेल्या आहेत. त्यांच्या जागी अभिनेत्री आणून उरलेल्या दोन बहिणींसमोर भूतकाळ पुन्हा घडवला जातो. अल मुदीर यांचा चित्रपटही गेलेले प्रसंग कृत्रिम जागेत पुन्हा उभे करतो. दोन्ही दिग्दर्शक स्त्रिया उत्तर आफ्रिकेतल्या, दोघींची पद्धत एकमेकींच्या जवळची. शेजारी ठेवल्याने दोन्ही चित्रपट अधिक खुलतात. २०१९ मध्ये मात्र 'फॉर समा' सोबत पात्रिसिओ गुझमान यांच्या 'द कॉर्डिलेरा ऑफ ड्रीम्स' ला सन्मान मिळाला. गुझमान हे चिलीच्या स्मृतीचे थोर चित्रपटकार आहेत यात वाद नाही, आणि अँडीज पर्वताकडे पाहत स्वतःच्या निर्वासनाचा हिशेब मांडणारा हा चित्रपटही सुंदर आहे. पण एकीकडे पदार्पण आणि दुसरीकडे आयुष्यभराची कामगिरी यांचा मान एकाच वेळी राखण्याचा तो प्रयत्न दिसतो. २०२४ मध्येही तसेच वाटले. इजिप्तमधील खेड्यात रस्त्यावर नाटक करणाऱ्या मुलींचा 'द ब्रिंक ऑफ ड्रीम्स' आणि वर्णभेदी राजवटीची छायाचित्रे जगासमोर आणून परदेशात कफल्लक अवस्थेत मरण पावलेल्या छायाचित्रकारावरचा राऊल पेक यांचा 'अर्नेस्ट कोल : लॉस्ट अँड फाउंड' यांच्यात तुलना करणे अवघड आहे हे मान्य, परंतु अवघड निवड करण्यासाठीच तर परीक्षक बसवलेले असतात. ज्यांना गौरवायचेच आहे त्यांच्यासाठी विशेष उल्लेखाची सोय आहे आणि तिचा उत्तम वापरही झालेला आहे. २०२२ मध्ये 'मारिउपोलिस २' ला असा मान देण्यात आला. त्याचे लिथुआनियन दिग्दर्शक मांतास क्वेदारावीचियुस त्याच वर्षी मारिउपोलमध्ये मारले गेले होते आणि त्यांच्या वाग्दत्त वधूने चित्रीकरण बाहेर आणून चित्रपट पुरा केला होता.

दुसरी तक्रार मला जास्त गंभीर वाटते. तेरा विजेत्यांची यादी सलग वाचली की एक कल स्पष्ट दिसतो. निम्म्याहून अधिक चित्रपटांत दिग्दर्शक स्वतः, त्याचे कुटुंब किंवा त्याचे दुरावलेले मूळ केंद्रस्थानी आहे. पहिल्याच विजेत्या चित्रपटात चिलीचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांची नात आपल्या घरातले मौन फोडू पाहते. 'सिनेमा नोवो' ब्राझीलच्या ज्या चळवळीविषयी आहे तिचे अध्वर्यू ग्लाउबेर रोशा हे दिग्दर्शक एरिक रोशा यांचे वडील. 'इमागो' मध्ये देनी उमर पित्साएव यांना आईने जॉर्जियातील पांकिसी खोऱ्यात जमीन घेऊन दिली आहे आणि तेथे घर बांधण्याच्या निमित्ताने ते चेचेन नातलगांना आणि वडिलांना सामोरे जातात. यांतला प्रत्येक चित्रपट स्वतंत्रपणे चांगला आहे. प्रश्न आहे तो वगळलेल्या परंपरेचा. निवेदन नाही, 'मी' नाही, केवळ दीर्घकाळ आणि शांतपणे पाहत राहणे, ही माहितीपटाची एक श्रेष्ठ परंपरा आहे आणि या यादीत ती फारच थोडी दिसते. चीनच्या वांग बिंग यांचा 'डेड सोल्स' २०१८ मध्ये कानच्या विशेष खेळांत होता. गोबी वाळवंटातील सक्तमजुरीच्या छावण्यांतून वाचलेले वृद्ध आठ तासांहून अधिक काळ आपल्याशी बोलत राहतात. त्यांच्यापैकी अनेकांचे कॅमेऱ्यासमोरचे बोलणे हीच त्या इतिहासाची उरलेली नोंद आहे. त्या वर्षी विजेत्याखेरीज आणखी दोन चित्रपटांना विशेष उल्लेख मिळाला, पण 'डेड सोल्स' ला नाही. २०२३ मध्ये त्यांचा 'यूथ (स्प्रिंग)' मुख्य स्पर्धेत होता आणि दोन विजेते निवडूनही त्याची पाळी आली नाही. परीक्षक दरवर्षी बदलतात, तेव्हा हा कोणाचा हट्ट नव्हे हे मी जाणतो. तरी दहा वर्षांच्या यादीत पडलेला हा खड्डा मोठा आहे आणि केवळ या यादीवर विसंबणाऱ्या प्रेक्षकाच्या हातून माहितीपटाचा एक मोठा प्रदेश निसटेल.

पारितोषिकाची रक्कम ५,००० युरो आहे. बर्लिन महोत्सवाने २०१७ मध्ये आपला स्वतंत्र माहितीपट पुरस्कार सुरू केला तेव्हा त्याची रक्कम ५०,००० युरो होती. लेखक-दिग्दर्शकांच्या संस्थेकडून प्रायोजकाएवढ्या पैशांची अपेक्षा करणे योग्य नाही हे खरे, पण वर्षानुवर्षे एका विषयामागे राबणाऱ्या माणसाच्या हाती यातून फारसे काही पडत नाही. घोषणाही मुख्य समारंभात होत नाही, ती आधी आणि वेगळी होते. जगभर ज्या रात्रीचे प्रक्षेपण पाहिले जाते, त्या रात्री माहितीपटाचा विजेता व्यासपीठावर नसतो. यात महोत्सवाला बदल करता येईल आणि त्यासाठी पैसाही लागणार नाही.

याला जोडूनच एक काळजी मांडतो. स्वतंत्र पुरस्कार असला की मुख्य परीक्षकांना माहितीपटाकडे दुर्लक्ष करण्याची सबब मिळू शकते. २०२३ मध्ये मुख्य स्पर्धेत दोन माहितीपट असूनही मुख्य मंडळाकडून दोघांनाही काही मिळाले नाही. बर्लिनमध्ये मात्र स्वतंत्र पुरस्कार असतानाही २०२३ मध्ये फिलिबेर यांच्या 'ऑन द ॲडमंट' ला आणि २०२४ मध्ये माटी डिओप यांच्या 'दाहोमे' ला सुवर्ण अस्वल मिळाले. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. कानला ते अजून जमलेले नाही आणि तो दोष 'लॉय दॉर' चा नसून महोत्सवाचा आहे.

ज्यांना या यादीचा उपयोग करून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी माझी सूचना अशी. एक लक्षात ठेवावे की पुरस्कार चित्रपट सुचवतो, तो पाहण्याची सोय करत नाही. काही विजेते सहज मिळतात, काहींसाठी महोत्सवांची आणि फिल्म सोसायट्यांची वाट पाहावी लागते, आणि जुने विजेते मिळवणे नव्यांपेक्षा कठीण जाते. सुरुवात 'फेसेस प्लेसेस' ने करावी, मग 'ऑल दॅट ब्रीद्स' पाहावा. 'फॉर समा' एकट्याने आणि रात्री उशिरा पाहू नये, सोबत कोणी असलेले बरे. 'फोर डॉटर्स' आणि 'द मदर ऑफ ऑल लाइज' लागोपाठच्या दिवशी पाहिले तर दोन्हींतून अधिक मिळते. 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' मोठ्या पडद्यावर आणि पूर्ण अंधारात पाहण्याची संधी आली तर ती सोडू नये. फोनच्या पडद्यावर त्यातल्या काळ्या रंगाच्या छटा हरवतात आणि निवेदनाचा हळू आवाज आजूबाजूच्या गोंगाटात बुडून जातो. एवढे झाल्यावर यादीबाहेर पडून 'डेड सोल्स' शोधावा आणि त्यासाठी दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवाव्यात.